ग्रहण दिसेल अशी जागा

वैष्णवीला जागा हवी होती. डोंगर आडवा येणार नाही, ऊस आडवा येणार नाही आणि मुख्य म्हणजे माणूस आडवा येणार नाही, अशी. दिवाळीतलं हे ग्रहण पाच वाजता लागणार आणि सूर्य ग्रासलेलाच मावळणार. सासरी, डिंगोऱ्यात, साडेपाचलाच ऊन डोंगराआड जातं. म्हणून भाऊबीजेचं निमित्त काढून ती लेकीला घेऊन आधीच माहेरी, पिंपळवंडीला आली.

ही काही हौस नव्हती. तिला सातवा महिना होता. पोटुशी बाईने ग्रहणात अंधाऱ्या खोलीत पाय सरळ करून बसायचं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, असा नेम. बारा वर्षांपूर्वी श्रेया पोटात असताना वैष्णवीने ग्रहणात भाजी चिरली आणि श्रेया फाटक्या ओठाने जन्मली. ओठ डॉक्टरांनी केव्हाच शिवला, पण सासूबाईंचं तोंड कोण शिवणार! "गिरानाची पोर," चिमाबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. पोर ऐकत ऐकत बारा वर्षांची झाली. यंदा कॅलेंडरात ग्रहण दिसलं तशी म्हणाली, "आई, त्या दिशी मला कोंडून ठेव. बाळाला माझं काय लागाया नको."

तेव्हापासून वैष्णवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी समजावून झालं, शाळेतल्या बाईंनी समजावून झालं, श्रेया नुसती मान हलवायची. आता एकच उपाय उरला होता. लेकीच्या समोर, हे पोट घेऊन, ग्रहणात उभं राहायचं. एवढं जमलं नाही तर पोर हातची गेली, असं तिला वाटत होतं.

माहेरची गच्ची शेजारणींच्या डोळ्यांसमोर. मळ्यात ऊस डोक्याच्या वर. आळेफाट्याला हॉटेलांच्या पाट्या नि तारांचं जंजाळ. दोन दिवस ती पाचच्या सुमाराला पोट सावरत नाही नाही तिथे उभी राहिली. आई विचारायची, "काय हरवलंय गं तुजं?" काय सांगणार कपाळ! शेवटी सूरजने, तिच्या भावाने, फाट्याच्या पलीकडचा उघडा माळ सुचवला. सुचवला आणि लगेच पस्तावलाही.

ग्रहणाच्या दिवशी आईचा डोळा लागला तशी तिघं सूरजच्या पिकअपमधून सटकली.

"ताई, अजून माघारी फिरू," सूरज घाम पुसत म्हणाला. "काय झालं-बिलं तर दाजी मला जित्ता सोडायचे नाय."

"तू गाडी चालव."

माळावर वाळलेलं गवत होतं, वारा होता आणि चिटपाखरू नव्हतं. डोंगर लांब, बोटाएवढे. याहून चांगली जागा तालुक्यात नसेल. श्रेया मात्र खाली उतरेना. वैष्णवीने तिला दंडाला धरून उतरवलं आणि शाळेतून आणलेला ग्रहणाचा चष्मा आधी स्वतःच्या डोळ्यांना लावला. भाकरीची कड खुडावी तसा सूर्य एका बाजूने खुडलेला होता.

"बग, उभी हाय का न्हाई मी? काय झालं मला?"

"भ्या न्हाई वाटत?"

"इवलंबी न्हाई. सगळं थोतांड हाय ते. घे, बग."

श्रेयाने भीत भीत चष्मा लावला. मग एकदम ओरडली, "आई, लई भारी गं! खरंच खाल्लाय!" ती टाचा उंचावून बघत राहिली. वैष्णवीला वाटलं, जिंकलो. छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात पोटात बाळाने जोरात लाथ मारली.

नेहमीचीच लाथ, पण वैष्णवीच्या काळजात चर्र झालं. काय करून बसलो आपण? काही कळायच्या आत ती सूर्याकडे पाठ करून उभी होती, पदराची दुहेरी घडी पोटावर गच्च धरून. तोंडातून निघून गेलं, "देवा, ह्याला तरी नीट ठेव रे."

ती वळली तेव्हा श्रेयाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, ती आईकडेच बघत होती. किती वेळ नव्हता कोण जाणे.

"श्रेया, अगं, तसं न्हाई..."

"आई, तू गाडीत बस," श्रेया समजूतदारपणे म्हणाली. "काच वर घे." आणि आपली लांब झालेली सावली आईवर पडू नये म्हणून ती पिकअपच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.