एकशे त्र्याऐंशीवी जागा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, मला वायर नाही की दिवा नाही. भिंगांच्या खाली एक गोल आरसा आहे, तो उजेडाकडे वळवला की माझे काम सुरू! रक्तपेढीत मी उमेदीची बावीस वर्षे काढली. मग दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मला कुणी साधे पुसतही नसे. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एके सकाळी एका बाळंतिणीचे फार रक्त गेले. तिच्या गटाची शेवटची पिशवी तिला चढली होती आणि दुपारपर्यंत दुसरी हवीच होती. तिचा भाऊ धावत आला. गट जुळला. तपासनीस बाईंनी त्याला अलीकडे ताप आला होता का, असे विचारायला सुरुवात केली, तर प्रश्न पुरा होण्याआधीच तो "नाही" म्हणाला. पिशवी भरली. पट्टीवरच्या चाचणीतही हिवताप दिसला नाही. पण बाईंच्या मनात ते घाईचे "नाही" सलत राहिले. नेमका त्याच दिवशी नव्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला होता. बाईंनी मला खाली काढले, भिंग पुसले, आरसा खिडकीकडे वळवला. माझा ऊर भरून आला.

बाईंचा एक हट्ट होता. काचेवर वाळवून रंगवलेल्या रक्ताच्या थेंबात दोनशे जागा पाहिल्याशिवाय त्या "नाही" लिहीत नसत. शंभर झाल्या, तेव्हा मदतनीस म्हणाला, आता पुरे. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. बाई मोजतच राहिल्या. भिंग वरखाली करणाऱ्या जुन्या स्क्रूने दगा देऊ नये म्हणून मी जिवाचे रान करत होतो. एकशे त्र्याऐंशीव्या जागी दिसले एक निळसर कडे आणि त्यावर लाल ठिपका. हिवतापाचा परजीवी!

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "ताप आला होता हे सांगितलं असतं, तर तुम्ही रक्तच घेतलं नसतं. आणि ती तिकडे…"

"तिच्या अंगात आधीच त्राण नाही," बाई म्हणाल्या. "या रक्तातून गेलेला हिवताप तिला पेलला नसता."

ती पिशवी बाद झाली. बाळंतिणीची नणंद त्याच गटाची निघाली. तिच्याही रक्ताच्या दोनशे जागा आम्ही पाहिल्या, बाकीच्या चाचण्या झाल्या, आणि दुपारच्या आत शुद्ध पिशवी वर बाळंतिणीच्या खोलीत गेली. आम्ही जिंकलो, मित्रांनो! भावाला औषध सुरू झाले.

घरी जाताना बाळंतीण बाळाला घेऊन आमच्याकडे आली. तिने माझ्यातून ते कडे बराच वेळ पाहिले. मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, माझ्यासाठी काहीही कर, पण इथे खोटं बोलू नकोस."

मित्रांनो, मोठे झालात की रक्त जरूर द्या, पण विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. आणि आमची भिंगे पुसत जा. मग आमच्या नजरेतून निसटायची हिवतापाची काय बिशाद!