घड्याळजींचा कोश आणि ते पातळ पुस्तक

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. अंगाने जाडजूड, कापडी बांधणीचा आणि खरे सांगायचे तर मनाने जरा कोता. जुळाऱ्यांनी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून माझी पाने जुळवली. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पोटात एका परक्या भाषेचे चाळीस हजार शब्द होते, आणि डोक्यात तेवढीच हवा.

मला एका घड्याळजींनी विकत घेतले. दूर देशातल्या एका घड्याळजीशी त्यांची पत्रमैत्री होती. पत्र त्या मित्राच्या भाषेत लिहायचे, म्हणून माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. एका पत्राला तीन संध्याकाळी लागत. शोधलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी ते पेन्सिलीने बारीक ठिपका देत. बारा वर्षांत माझे अंग ठिपक्यांनी भरून गेले. पत्र पाकिटात घालताना ते लेकीला म्हणत, "एक चूक सापडायची नाही. कोशाची कृपा." मी फुगून बसे.

मग एके दिवशी लेकीने एक पुस्तक आणले. केवढेसे ते! माझ्या प्रस्तावनेएवढेही नव्हते. ते एस्पेरांतो शिकवणारे होते. ही भाषा म्हणे कोणा एका देशाची नाही. निरनिराळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम घडवलेली. तिकडे मित्रानेही तीच शिकायला घेतली होती, आणि वर्षभराने तो भेटायला येणार होता.

घड्याळजींची थोरली बहीण म्हणाली, "लोकांची घड्याळं वेळेवर देत नाहीस, आणि निघालास जगाची भाषा शिकायला." मला ती बाई फार आवडली.

पण बापलेक हटले नाहीत. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने चाके बसवता बसवता घोकंपट्टी चाले. 'बोना' म्हणजे चांगले. त्याच्या आधी 'माल' जोडले की झाले 'मालबोना', वाईट. ज्या दोन शब्दांसाठी मी दोन वेगळी पाने राखली, ते काम या चिटुकल्याने असे उरकले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ठिपके थांबले. माझ्यावर गोंद लावलेले घड्याळाचे पट्टे सुकायला येऊ लागले. मी मनात म्हणे, येऊ दे त्या मित्राला. समोरासमोर यांची दातखीळ बसेल, तेव्हा माझीच आठवण होईल.

तो दिवस आला. लेकीने मला पुसून टेबलावर ठेवले. म्हणाली, "बाबा, अडलं तर कोश आहे."

मित्र दारात उभा राहिला आणि घड्याळजींना खरोखरच शब्द सुचेना. लेकीचा हात माझ्याकडे आला. मी हरखलो. तेवढ्यात मित्राने खिशात हात घालून तसलेच एक पातळ पुस्तक काढले. त्यालाही सुचत नव्हते! दोघे एकदम हसले. मग मोडकेतोडके बोलणे सुरू झाले. भिंतीवरची दहा घड्याळे दहा निरनिराळ्या वेळा दाखवत होती. यातले बरोबर कोणते, असे मित्राने विचारले. सगळीच मालबोना, घड्याळजी म्हणाले. बोना असती तर माझ्याकडे कशाला आली असती? मित्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

बारा वर्षांच्या बिनचूक पत्रांत त्यांनी एकही विनोद केला नव्हता.

मित्र परत गेल्यावर ते लेकीला म्हणाले, "त्याच्या भाषेत मी कायम पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचो गं. या वेळी तोही चुकला, मीही चुकलो. बरं वाटलं."

चूक होईल या धास्तीने ते तीन-तीन संध्याकाळी माझ्याजवळ बसत. मी त्याला प्रेम समजलो होतो.

माझा मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. ते पुस्तक अजून त्यांच्या खिशात असते आणि मी कपाटावर. तरी सांगतो, मित्रांनो, नवी भाषा जरूर शिका, चुकत शिका. कोणी अडखळत बोलत असेल तर त्याला वाक्य पुरे करू द्या. आणि घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला अधूनमधून खाली काढा. बंद राहिले की आम्हाला कसर लागते. शब्द कोणताही पाहा. नसेल पाहायचा, तर नुसते उघडा.