कोणतं बाळ?

सोलांज पेरिगो यांचं पत्र मला गेल्या वर्षी जानेवारीत आलं, आणि सोळा महिने मी त्याला उत्तर दिलं नाही. दीड पानाचं, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं पत्र. अक्षर आता थरथरतं. मी ते शब्दकोशात ठेवलं, मग कपाटात, मग पुन्हा शब्दकोशात. रोज सकाळी ठरवायचो, आज लिहू. दुपारपर्यंत मनात यायचं, बाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, उत्तर पोचेल तेव्हा त्या असतील का? आणि एकदा असंही मनात आलं, की नसल्या तर मी सुटलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पत्रात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

१९८६ साली मी काष्टीजवळच्या एका वस्तीशाळेत मास्तर होतो. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि दोन शिक्षक, मी आणि माझी बायको दया. गरिबांची मुलं शाळा का सोडतात, याचा अभ्यास करायला सोलांजबाई फ्रान्सहून तिथे आल्या. दुभाषी म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं, कारण नगरच्या चर्चमध्ये परदेशी पाहुणे आले की त्यांची भाषणं मी मराठीत सांगायचो. त्या कामाची एक रीत होती. पाहुणा लांबला तर आपण आटोपतं घ्यायचं. मंडळींपैकी कुणी काही तिखट बोललं तर ते गोड करून पुढे द्यायचं. पाहुण्याला वाईट वाटता कामा नये, आपल्या माणसांची शोभा होता कामा नये. वडीलधाऱ्यांनी मला हेच शिकवलं होतं, आणि मला ते चांगलं जमायचं.

बाई रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी. शिष्यवृत्तीवर शहरातल्या मोठ्या शाळेत गेल्या, तेव्हा त्यांच्या गावंढळ बोलण्याला अख्खा वर्ग हसायचा. शाळा कुणाला आत घेते आणि कुणाला दारात ठेवते, हे शोधण्यात आपलं आयुष्य जाणार हे तेव्हाच ठरलं, असं त्या म्हणायच्या. आमच्याकडे त्या दहा महिने राहिल्या. पिशवीत टेपरेकॉर्डर घालून उन्हातान्हात हिंडल्या. वस्तीवर त्यांना सगळे सोलनबाई म्हणत. परत जाऊन त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकावर त्या लिओंच्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पुढे आफ्रिकेतल्या शाळा पाहिल्या, सरकारी समित्यांवर बसल्या. मला पाठवलेल्या प्रतीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘डेव्हिडला, ज्याच्या कानांनी मी ऐकलं.’

त्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ‘धाकटं भावंड’. घरातल्या तान्ह्या मुलामुळे मोठ्या बहिणीची शाळा सुटते, असा त्याचा मुद्दा. सुरुवातीलाच वस्तीवरच्या छबूबाईचं वाक्य आहे, ‘मुलीला बाळ सांभाळावं लागतं.’

आता नव्या आवृत्तीसाठी बाई जुन्या वह्या चाळत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ‘छबूबाईच्या घरातल्या माणसांची यादी सापडली. त्यात तिची मुलगी रंगू सर्वांत धाकटी आहे. मग, डेव्हिड, तिला कोणतं बाळ सांभाळायचं होतं?’

कोणतं बाळ, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं.

छबूबाई त्या दिवशी उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. बाईंनी विचारलं, रंगूला शाळेत का पाठवत नाही? छबूबाईनं माझ्याकडे बघून तोंडात पदर धरला आणि हसली. म्हणाली, “पाठवली हुती की. चार महिनं मास्तराचं पोर कडंवर घिऊन व्हरांड्यात हिंडली. पोरच सांभाळायचं तर साळंत कशाला जायाचं? घरी ऱ्हाऊन शेळ्या तरी राखील. सांगा बाईला, सांगा की मास्तर!”

बाई माझ्याकडे पाहत होत्या. टेप फिरत होती. मी इंग्रजीत म्हणालो, “ती म्हणते, मुलीला बाळ सांभाळावं लागतं.”

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. हेच मी जवळजवळ चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो.

या मे महिन्यात शेवटी मी काष्टीला गेलो. तो बाजाराचा दिवस होता. रंगू गवार आणि वांगी मांडून बसली होती. पन्नाशीला आलेली, केस पिकलेले, पण हसणं आईचंच.

“आरं देवा, मास्तर! जित्तं हाय व्हय अजून?”

“आहे बाई.”

“आन जोएल कुठं? लई रडकं हुतं त्ये. माझ्या खांद्याला अजून वास येतोय.”

मी हसायला गेलो, पण हसता आलं नाही. तिथेच, गिऱ्हाइकांच्या पायांमध्ये बसून, मी तिला पत्राचं सांगितलं. मी काय बोललो होतो आणि काय गाळलं होतं, तेही सांगितलं. ती गवार निवडत ऐकत राहिली.

“तुमी आत पाढं म्हनायचा, मी भाईर पोर हालवत म्हनायची,” ती म्हणाली. “बारापत्तुर आलं मला. तेराला तुमचं पोर उठायचं. आजबी कुनी तेरा रुपये पावशेर म्हनलं का माझा घोळ हुतो.”

“रंगू, मला माफ...”

“ऱ्हाऊ द्या मास्तर. गिऱ्हाईक थांबलंय.” तिनं एकाला वांगी तोलून दिली आणि मग माझ्याकडे वळली. “म्हंजे माझ्या आईचं बोलनं त्या बाईला कधी गेलंच न्हाई?”

“नाही.”

“मंग लिवा. पन गोड करू नगा. आई गोड बोलायचीच न्हाई.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहून गेलो, ‘माझ्या पत्नीनं रंगूला बाळ धरायला सांगितलं.’ दया जाऊन सहा वर्षं झाली. ती काही उलट सांगणार नव्हती. ते वाक्य मी तीन वेळा वाचलं आणि कागद फाडला. वर्गात बोट मी दाखवलं होतं. पाटलांची मुलगी पहिल्या रांगेत बसायची, तिला मी कधी सांगितलं नाही. रंगू दाराशी बसायची, म्हणून तिला. बाईंना शोधायचं होतं ते नेमकं हेच होतं, आणि त्यांच्या शेजारी बसून मी ते झाकलं.

नव्या कागदावर मी आधी छबूबाईचं बोलणं मराठीत, जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली त्याचं इंग्रजी. मग पाटलांच्या मुलीचं. शेवटी लिहिलं, ‘ते बाळ माझं होतं. रंगूला मी निवडलं. तुमचं प्रकरण यामुळे मोडत असेल तर दोष माझ्या कानांचा नाही, जिभेचा आहे.’

पाकीट चिकटवण्याआधी पत्र जोएलला वाचायला दिलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं.

“म्हणजे पुस्तकातलं ते बाळ मी?” तो हसला. मग पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसला. “तिचं शिक्षण माझ्यामुळे...”

“तू आठ महिन्यांचा होतास. माझ्यामुळे.”

त्यानं पत्राची घडी करून पाकिटात घातली. मग स्कूटरची किल्ली घेत म्हणाला, “चला पप्पा. पोस्ट तीनला बंद होतं.”

नगरच्या पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजन करून पत्ता वाचला. “फ्रान्स? तीन-चार आठवडे धरा, आजोबा.”

“त्याआधी नाही पोचणार?”

“काय अर्जंट आहे का?”

मागच्या माणसानं रांगेत खाकरलं. माझा हात अजून पाकिटावर होता. तिनं तो हलक्यानं बाजूला केला, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.