लवंगांचं जंगल

सुलावेसीच्या आमच्या किनाऱ्यावर बंदराचा रस्ता व्हायचा होता आणि त्याची आखणी माझ्याकडे होती. मालेओ पक्षी डोंगरातल्या जंगलातून जोडीजोडीनं चालत येतात आणि समुद्राकाठच्या उबदार वाळूत अंडी पुरतात. रस्ता नेमका त्यांच्या वाटेवर येणार होता. म्हणून वनखात्याच्या हसना मोकोडोम्पिट बाई, आमच्या भाषेत इबू, दोन वर्षं उपग्रहाची चित्रं घेऊन बसल्या आणि हिरवा पट्टा कुठे सलग आहे ते त्यांनी काढून दिलं. तिथे मी पूल धरला, खालून पक्षी जावेत म्हणून. वरून मंजुरीही आली.

खांब रोवण्याआधी इबू म्हणाल्या, एकदा चालून येऊ. बरोबर मी आणि सालेहकाका, आमच्याकडे ओम सालेह. म्हातारा पूर्वी हीच अंडी उकरून विकायचा, आता त्यांची राखण करतो.

पट्ट्यात शिरताच तो हसला. "इबू, नाक नाही का तुम्हाला? लवंगेची बाग आहे ही. माणसं, कुत्री, वाळवणाच्या चटया. मालेओ कशाला येतोय इथे मरायला?"

"मग कुठून येतो?"

"मला तो वाळूवर भेटतो. मागचं त्याचं त्याला ठाऊक."

"जाऊ द्या इबू," मी म्हणालो. "मंजुरी झालीय. कोण बघायला येतंय?"

इबू तशाच माघारी फिरल्या. आठ दिवस त्यांनी गेल्या पंधरा वर्षांची जुनी चित्रं ताडून पाहिली. लवंगांचा तुकडा बारा वर्षांपूर्वी पार बोडका होता. दक्षिणेला ओढ्याकाठची एक अरुंद, वेडीवाकडी झाडी मात्र एकाही चित्रात तुटलेली नव्हती. तिथे आम्ही दबा धरून बसलो. तिसऱ्या सकाळी एक जोडी संथ पावलांनी आली, मागोमाग दुसरी.

ओम सालेह कुजबुजला, "जन्मभर अंडी खाल्ली यांची, वाट आज पाहिली."

बैठकीत इबू उभ्या राहिल्या. "माझा नकाशा चुकला आहे."

आमचे साहेब वैतागले. "त्यावर आम्ही पूल काढलाय, बाई."

"अजून बांधला नाही, म्हणून आज सांगतेय. लवंगेला मी जंगल समजले. चूक माझी, यांची नाही." त्यांनी माझ्याकडे हात केला.

काम सात महिने लांबलं, त्यांची बढती हुकली. मला सगळी आखणी नव्यानं करावी लागली. आधी मी त्यांच्या नावानं बोटं मोडली, पण अशी कबुली माझ्या तोंडून निघाली नसती, हेही मला कळत होतं.

पूल ओढ्यावर झाला. पक्षी त्याखालून जातात.

गेल्या आठवड्यात इबूंनी खाडीपलीकडच्या खारफुटीचा नकाशा पाठवला. सोबत चिठ्ठी होती: 'मी अजून तिथे चालले नाही. काही रोवू नका.'

मी काही रोवलेलं नाही.