हळू बोलणारी डबी

मित्रांनो, डोळे मिटा आणि धारूरच्या डोंगरावरची चार घरांची वस्ती डोळ्यांपुढे आणा. वादळानं मोबाइलचा टॉवर वाकलाय, फोन मुके झालेत. एका घरात, फळीवर, मी आहे. मी एक जुनी साबणाची डबी आहे. माझ्यात साबण मात्र कधीच राहिला नाही.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावरच्या शहादेवनं मला भोकं पाडली, पोटात तारा बसवल्या. बिनतारी संदेशांचा नाद आणि त्याचा सरकारी परवाना त्याला होता, तसाच वस्तीवरच्या राधाकिशन आबांनाही. माझी एक वायर आबांच्या रेडिओत जाते, दुसरी कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर टाइप केलेल्या अक्षरांचे बारीक सूर करतो, मी ते रेडिओला देते, रेडिओ हवेत सोडतो. पलीकडे त्यांची पुन्हा अक्षरं होतात. हवेतल्या खरखरीमध्ये माणसाचा आवाज बुडाला तरी हे सूर पोचतात. पण ते हळू द्यावे लागतात. जोरात दिले की फाटतात. म्हणून शहादेवनं माझ्या आवाज कमीजास्त करायच्या बटणापाशी पांढरा ठिपका काढला आणि आबांच्या नातीला, सायलीला बजावलं, "ह्याच्या म्होरं न्यायचं न्हाई."

दोन वर्षं मजेत गेली. "चटणी केलीय, या जेवायला," असे निरोपसुद्धा मी नेले. मग फोन स्वस्त झाले आणि मी फळीवर गेले. धुळीनं ठिपका झाकला.

वादळानंतरच्या त्या दुपारी छबुबाई धावत आली. "आबा, आमच्या मालकाला घोणस चावली! पाय सुजलाय लई!"

तिचा नवरा धुळाजी मेंढरं घेऊन माळावर गेला होता; तिथून त्याला उचलून आबांच्या अंगणात आणलं होतं. वस्तीवरची एकुलती जीप बाजाराला गेलेली. शहादेवच्या ढाब्यापाशी ॲम्ब्युलन्स उभी असते, एवढीच आशा. आबा माइकवर ओरडले. खरखरीशिवाय काही आलं नाही. तेव्हा त्यांनी मला खाली काढलं.

दरीपलीकडच्या माणसाला हाक मारायची तर गळा काढावा लागतो, हे डोंगरातल्या माणसाच्या हाडात असतं. आबांनी माझं बटण पुरतं फिरवलं. मला ओरडायला लावलं. सूर फाटले. पडद्यावर शहादेवचं उत्तर उमटलं: काही कळत नाही, पुन्हा पाठवा.

"पोचत न्हाई म्हंतो. आजून वाढवायला जागाच न्हाई!" आबा घामाघूम झाले. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच.

सायलीची नजर माझ्यावर खिळली होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आबांनीच तिला सारं शिकवलेलं. त्यांना चूक कसं म्हणायचं?

"छबे, पानी पाज त्याला!" आबा बाहेर ओरडले. अर्धा तास गेला. मग सायलीनं अंगठ्यानं माझ्यावरची धूळ पुसली आणि बटण ठिपक्यापर्यंत मागं आणलं.

"आगं काय करती? कमी कावून करती?"

"आबा, एकडाव पाठवा. माझ्यासाठी."

आबांनी पाठवलं. उत्तर आलं: पोचलं. गाडी निघाली.

धुळाजी वाचला. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." असं डॉक्टर म्हणाले.

वस्तीनं मला हळदकुंकू लावलं. "डबीनं माणूस वाचवला," म्हणून छबुबाई सांगत सुटली. मला ते कुंकू टोचत होतं. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा. आम्ही तुमच्या हाताएवढ्याच शहाण्या. आणि ठाऊक असेल ते वेळेवर बोला, समोर कितीही मोठं माणूस असो.

धुळाजी घरी आला त्या दिवशी सायलीनं मला ओढणीत गुंडाळलं आणि एकटीच त्याच्या घरी गेली. तो बाजेवर पडला होता, पायाला पांढरं बँडेज.

"ये गं माझी हुशार बाय!" तो हसला.

सायली हसली नाही. तिनं मला त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "मामा, बटण चुकीचं हाय हे मला पयल्यालाच दिसलं हुतं. मी बोलले न्हाई."