लाद्यांची बोट

लोकांना सर्दी होते तसे भाविनीला छंद व्हायचे. आला की घरभर पसरायचा, आठवडाभर दुसरं काही सुचू द्यायचा नाही, आणि गेला की मागमूस उरायचा नाही. आणि सर्दीसारखाच तो शेजारच्या हंसाला लागल्याशिवाय राहायचा नाही.

डहाणूच्या खाडीकडे उतरणाऱ्या आळीत दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. नवरेही एकाच बोटीवर. हंसाचा धर्मेश बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि सगळ्या खलाशांचा जीवही. भाविनीचा उमेश त्याच्या हाताखालचा. बोट काळूशेठची. नवरे दर्यावर गेले की सकाळी मासळीबाजार आणि दुपारी भाविनीचा ओटा, असा दोघींचा दिवस जायचा.

भाविनी माहेरची झाईची. तलासरी तालुका संपून गुजरात कुठे सुरू होतो ते तिथल्या कोंबड्यांनाही ठाऊक नसेल. त्यामुळे तिला मोबाईलवरचे गुजराती व्हिडिओही कळायचे, मराठीही कळायचे, आणि जे कळायचे नाहीत ते ती जास्त मन लावून बघायची. आधी क्रोशा आला. दाराला तोरण केलं, ते हातभर आखूड भरलं. मग ते देवाच्या फोटोला लावलं, तिथे ते हातभर लांब झालं. नंतर रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करायचं खूळ आलं. समुद्राच्या हवेत ती फुलं चार दिवसांत मऊ पडली. जाळ्याच्या दोरीला गाठी मारून कुंड्या टांगायचं काम मात्र जमलं. गाठी जमायलाच हव्यात, जन्मच जाळ्यात गेलेला.

आळीतल्या बायका येता-जाता टोमणे मारायच्या. "तुमच्याकडं बोंबील नायत का गं सुकवायला?"

"हायत ना," हंसा म्हणायची. "ते आपले आपण सुकतात. त्यांना आमची गरज नाय."

हंसाला स्वतःला असलं काही सुचलं नसतं. पण भाविनीच्या शेजारी बसून एखादी नवी गोष्ट पहिल्यांदा बिघडवण्यात जी मजा होती, ती तिला दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. तिला बहीण नव्हती. भाविनी लग्न होऊन आळीत आली तेव्हापासून ती जागा भरून निघाली होती, आणि हंसाने मनातल्या मनात तिला ती कायमची देऊनही टाकली होती.

बाकी छंद आले-गेले, पण गोधडी टिकली. ती हंसाच्या सासूने, हिराबाईने, दोघींना शिकवली होती आणि तिच्यासोबत आळीची एक जुनी रीतही. खालचं लुगडं अंथरलं की त्यावर चिमूटभर मीठ टाकायचं, मग वरचे थर घालायचे. शेवटचा टाका पडेपर्यंत त्या गोधडीवर जे बोललं जाईल ते मिठासकट आत शिवलं गेलं. ते बाहेर काढायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवाजवळसुद्धा जपून. मिठामुळे गोधडी पावसाळ्यात दमट होते हे कोणीही शहाणा माणूस सांगेल. पण आळीतल्या बायकांना मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती, तेव्हा दमट तर दमट.

त्या गोधड्यांवर भाविनीने काय काय सांगितलं होतं! झाईच्या त्या मुलाबद्दल, ज्याच्यासाठी ती लग्नाच्या आदल्या दिवशी पळून जायला निघाली होती आणि वेशीवरून परत फिरली. पोटातलं पहिलं बाळ गेलं तेव्हा तिला आतून सुटल्यासारखं का वाटलं, तेही. हंसाने ते ऐकलं, सुईत दोरा ओवला आणि पुन्हा कधी त्याचा विचारही मोठ्याने केला नाही.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या गेल्या, आणि भाविनीला मोझेक झालं.

"फुटक्या लाद्यांची चित्रं करायची," तिने जाहीर केलं. "मोठमोठ्या बंगल्यात करतात. आपण ओट्याला करू."

स्टेशनजवळच्या लाद्यांच्या दुकानामागे फुटक्या तुकड्यांचा ढीग पडलेला असायचा. तिथून दोघींनी गोणी भरून आणली. गोणपाटात गुंडाळून लाद्या हातोडीने फोडायच्या, पांढऱ्या सिमेंटचा लगदा भिंतीवर थापायचा आणि त्यात एकेक तुकडा दाबायचा. बोटं कापली, नखं पांढरी झाली, स्वयंपाकाच्या सांडशीने तुकडे मोडायला गेल्या तर सांडशी मोडली. भाविनीच्या ओट्याच्या दर्शनी भिंतीवर बोट करायची ठरली. शिडाची, लाल काठाची. बोट भाविनीकडे, खालचा दर्या हंसाकडे.

निळे तुकडे दाबता दाबता एका दुपारी हंसाचे हात थांबले. पाऊस पन्हाळीवरून ओतत होता. उमेश झाईला गेला होता, धर्मेश आत घरात झोपला होता.

"काय झाला?" भाविनीने विचारलं.

हंसाला ते डिसेंबरापासून जड झालं होतं. ओखी वादळाच्या वेळी बोट परतताना सापडली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे सुखरूप आले, नारळ फोडले, विषय संपला. पण धर्मेशचा संपला नव्हता. तेव्हापासून किनारा दिसेनासा झाला की त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर व्हायचे. सुकाणू हातात आहे की नाही तेच कळायचं नाही. म्हणून तो इंजिनाचं निमित्त करून बोट आतच ठेवायचा, किनारा नजरेत राहील एवढीच. जाळ्यात मासळी कमी येई आणि शेठ कुरकुर करी. धर्मेशने हे हंसाला एकदाच सांगितलं होतं, तिच्याकडे न बघता. आणि म्हणाला होता, "नवीन सीझनच्या पयल्या फेरीला एकदा बघतो. नाय जमला तर मीच शेठला सांगीन, मीच उतरीन. पण माझ्या तोंडाने. तोवर कोणाला बोलू नको."

हे सगळं तिने भाविनीला सांगितलं. रडत रडत, निळा तुकडा मुठीत धरून. दोघी ओट्यावर बसलेल्या, हातात काम, बाहेर पाऊस. मीठ टाकलं नव्हतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. इतकी वर्षं ज्या जागेवर, ज्या बाईपाशी बोललेलं आत राहिलं, ते लाद्यांच्या वेळी बाहेर जाईल असं तिला वाटलंच नाही. भाविनीने सिमेंटचा हात तिच्या पाठीवरून फिरवला आणि हळूच विचारलं, "पूर्ण बधिर होतात? सुकाणू सुटला कधी?"

"एकदा सुटला," हंसा म्हणाली.

त्यानंतरही बरेच दिवस काम चाललं. बोटीला शीड आलं, शिडावर आरशाचे तुकडे लागले. भाविनी रोज चहा करायची, हंसाच्या कापलेल्या बोटांना हळद लावायची. लाद्यांच्या फटी भरून, भिंत ओल्या फडक्याने पुसून झाली तेव्हा सगळी आळी बघायला आली आणि टोमणे मारणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. हंसाला तर कौतुकाने रडूच फुटायचं बाकी होतं.

नारळी पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना काळूशेठ धर्मेशकडे आला. खुर्ची दिली तर बसला नाही.

"धर्मेश, यंदा तू किनाऱ्यावर बस. बर्फ, डिझेल, जाळी, सगळा तू बघ. बोट उमेश नेईल."

"का, शेठ?" धर्मेश हसून म्हणाला. "माझ्या हाताला काय झाला?"

शेठने जमिनीकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण हातचं राखून बोलायची त्याला सवय नव्हती. "किनारा दिसेनासा झाला की कोपरापर्यंत बधिर होतात ना? एकदा सुकाणू सुटला पण होता. सात माणसं असतात रे बोटीवर."

धर्मेशने शेठकडे बघितलंच नाही. त्याने मान वळवून हंसाकडे बघितलं. ते शब्द त्याने या जगात एकाच माणसाला सांगितले होते, आणि ते माणूस चहाचे कप घेऊन दारात उभं होतं.

हंसा कप तिथेच ठेवून शेजारी गेली. भाविनी तांदूळ निवडत होती. हंसाला बघून तिने सूप बाजूला केलं. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

"तू सांगितलास," हंसा म्हणाली.

"माझा नवरा पण त्याच बोटीवर जातो, हंसा. मी काय करायची? गप बसून वाट बघायची, परत येतो की नाय येत?"

एवढं बोलून भाविनी थांबली असती तर हंसा कदाचित परत फिरली असती. कारण ते खरं होतं, आणि त्या दुपारी रडता रडता हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, असं तिला क्षणभर वाटूनही गेलं. तिने विचारलं, "मग मना का नाय बोललीस? मी त्यांना तेव्हाच थांबवला असता. ते स्वतः जाऊन शेठला सांगणार होते."

"कधी सांगणार होते? पयल्या फेरीनंतर ना? त्या फेरीला उमेश असता."

"शेठला कधी सांगितलास?"

भाविनीने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"कधी सांगितलास, भाविनी?"

"त्याच आठवड्यात. उमेश जाऊन बोलला."

म्हणजे शीड व्हायचं होतं तेव्हा. आरसे लागायचे होते, फटी भरायच्या होत्या. उमेश तांडेल होणार हे भाविनीला ठाऊक होतं, आणि ती रोज हंसाला बोलावत होती, चहा देत होती, बोटांना हळद लावत होती. दर्या पुरा करून घेतला तिने. हंसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला ती भिंत हातोडीने फोडावीशी वाटली, आणि भाविनीलाही.

"मी तुझा इतका पोटात ठेवला," ती म्हणाली. "झाईचा ठेवला, बाळाचा ठेवला. एक शब्द बाहेर काढला कधी?"

भाविनीचा चेहरा पांढरा पडला. मग तिने हनुवटी वर केली.

"ते गोधडीवर बोललेली मी," ती म्हणाली. "मीठ टाकून. तू बोललीस तेव्हा मीठ कुठं होता? लाद्या होत्या. मी काय आण मोडली नाय."

हंसाला आधी कळलंच नाही की हे ती खरंच म्हणते आहे. मग कळलं. भाविनीने यावर विचार केला होता. रात्ररात्र केला असेल. आपण कुठे चुकलो नाही याची वाट शोधत शोधत ती मिठाच्या त्या चिमटीपर्यंत पोचली होती, आणि आता तिथे घट्ट उभी होती. हिराबाई असती तर तिने दोघींच्या थोबाडीत दिली असती. हंसा घरी आली.

धर्मेश जिथे होता तिथेच बसला होता. चहावर साय धरली होती.

"कोणाला सांगितलास?"

"भाविनीला." खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "मना राहावला नाय हो. तुमच्या काळजीनं..."

"हां," तो म्हणाला.

तो ओरडला असता, ताट फेकलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तसं काही केलं नाही. तो उठला, दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारात थांबून म्हणाला, "दर्याची भीती वाटायची तेव्हा घर होता यायला." मग चप्पल घालून खाडीकडे गेला.

पौर्णिमेला बोटीची पूजा उमेशने केली आणि आरतीचं ताट तांडेलीण म्हणून भाविनीच्या हातात होतं. धर्मेश किनाऱ्यावर जाळी सांधायचा, बर्फाच्या गाड्या उतरवून घ्यायचा. घरी बोलायचा, नाही असं नाही. मीठ कमी आहे, गॅस संपत आला, लाईट गेली. हंसा वाट बघत राहिली. माणूस आहे, रागावलाय, निवळेल. ती रोज त्याच्या आवडीचं करायची आणि रोज ताट उचलताना वाटायचं, उद्या बोलेल.

दिवाळीनंतर एका सकाळी ती टोपली घेऊन बाजाराला निघाली तर भाविनी ओट्यावर होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण भाविनीला बहुधा त्या दिवशी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असावं.

"हंसा," तिने हाक मारली. "बरा झाला हां. धर्मेशभाई घोलवडला लागले ना, चिकूच्या पॅकिंगला? उमेशला सांगत होते, आता बोटीचा कायमचा सोडला म्हणून. आठ दिवस झाले ना?"

हंसा थांबली. रोज सकाळी तो डबा घेऊन जात होता. किनाऱ्यावर जातो असंच तिला वाटत होतं.

भाविनीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "तुला नाय बोलले?"

"बोलले ना," हंसा म्हणाली. "मनाच पयला बोलले."

भाविनीने मान खाली घातली. तिला खोटं कळलं होतं, आणि तिला ते कळलंय हे हंसालाही. बाजारात त्या दिवशी हंसा सुरमईला पापलेटचा भाव सांगत बसली आणि गिऱ्हाइकं हसून पुढे गेली.

संध्याकाळी धर्मेश आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. त्याच्या बोटांना चिकूचा चीक लागलेला होता, साबणाने न जाणारा, काळपट. हंसाने भात वाढला, वर कालवण घातलं. मग डाव भांड्यात ठेवला.

"आज कुठं होता दिवसभर?" तिने विचारलं.

"हितंच," तो म्हणाला. "किनाऱ्यावर."

आणि ताट पुढे सरकवून त्याने आणखी भात मागितला.