दोन दारांमधली तपासणी

प्रयोगशाळेतल्या डासांच्या खोलीला दोन दारं होती आणि मधे एक बोळकांडी. तिच्या भिंती पांढऱ्याफेक, काळा ठिपका लगेच दिसावा म्हणून. बाहेर पडताना तिथं एकानं दुसऱ्याला न्याहाळायचं: पाठ, केस, बाह्या, चपलांचे तळ. तिथं काम करणाऱ्या ताईच्या जोडीला कायम म्हातारे मदतनीस काका असायचे.

"वळ बघू. पाठीवर कुणी बिनतिकीट बसलंय का?" असं म्हणत ते तिचा कोट हलक्या हातानं झटकायचे, शाळेतून आलेल्या लेकीचा धुळीचा फ्रॉक झटकावा तसा.

इथले डास साधे नव्हते. त्यांच्यात घातलेला गुण एरवीसारखा निम्म्या पिल्लांत नाही, जवळजवळ सगळ्यांत उतरायचा. लेकीत उतरायचा, नातीत उतरायचा, पणतीच्या पोटी यायचा, आणि माद्या वांझ होत होत वंशच बुडायचा. ताप पसरवणारी जात संपावी म्हणून सगळे राबत होते, पण बाहेर सोडायची परवानगी अजून नव्हती. एकदा सुटलं की माघारी बोलावता येत नाही, हे ताईच नव्या माणसांना बजावायची.

काका कामावर येईनात, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. नात तापानं गेल्यापासून ते एकटेच राहत. चहाचं आधण ठेवून ती कपडे वाळत घालायच्या जागी डोकावली. कुंड्यांमागे घमेलं होतं. पाण्यात वळवळ, कडेला खोलीतल्यासारखी कागदाची पट्टी, जिच्यावर डासांची अंडी वाळवून ठेवतात. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या साली, उडून गेलेल्यांच्या.

"काका, हे आपले?"

ते खोटं बोलले नाहीत. पट्टी सदऱ्याच्या खिशातून आणली होती. रोज ताईनंच त्यांना तपासलं होतं, पण खिसा कधी पाहिला नव्हता. चोरून निसटणारा डास सगळे शोधायचे. त्याला घेऊन जाणारा माणूस कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

पोर तापानं फणफणत होती तेव्हा परवानगीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते, असं काका सांगत राहिले. मग म्हणाले, "अजून किती पोरं जाऊ द्यायची गं?"

उकळतं आधण तिनं घमेल्यात ओतलं. काकांनी घमेलं धरून दिलं.

अशा पट्ट्या किती आणल्या, तिनं विचारलं. दोन. दुसरी एका अनोळखी माणसाला दिली होती. नातीचा फोटो बघून तो घळाघळा रडला होता, त्याचीही लेक तापानं गेली म्हणाला होता. नाव? रडणाऱ्या माणसाला काय नाव विचारायचं, असं काकांना वाटलं होतं.

"आणखी काय बोलला? आठवा, काका."

"काही नाही गं. मधमाश्यांत असा गुण घालता येईल का, एवढंच विचारत होता."

ताईच्या डोळ्यांपुढं फुललेलं रान उभं राहिलं. फुलं होती, ऊन होतं, गुणगुण नव्हती.

तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी तो माणूस दिसायला कसा होता ते विचारलं. तिनं काकांकडे पाहिलं. ते कपाळ चोळत बराच वेळ आठवत बसले.

"मायाळू होता," ते म्हणाले. "फार मायाळू."